ओढा!

भीमेतल्या बेटावरून सरूबाई आणि चार वर्षांची राजनंदिनी, दोघींना काढून आणायचं; मोहीम एवढीच होती. पण सरूबाई नावेतल्याच प्रतिभाची सासू होती, आणि राजनंदिनी तिची लेक! सकाळी दोघी बेटावर मिरच्या तोडायला गेल्या अन् वरच्या धरणाचं पाणी सुटलं.

नावेच्या सुकाणूवर दौंडच्या पूरपथकाचे कप्तान, निवृत्त सुभेदार इंद्रजीत. वल्ह्यांवर रांजणगावच्या कारखान्यातली ड्यूटी बुडवून आलेला रविराज आणि भीमेत मासे धरता धरता म्हातारी झालेली धुरपदामावशी. पुढे टोकाशी, पाण्यावर नजर ठेवायला, प्रतिभा.

"नावेत मी बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं," सुभेदारांनी बजावलं. "ओढा!"

वल्ही एकदम पडली, नाव झेपावली. गढूळ पाणी बाभळी मुळासकट घेऊन चाललं होतं. बेटावर लाल फ्रॉकचा ठिपका दिसत होता. प्रतिभा त्यावरून नजर काढायची, पाण्यावर लावायची, पण ती नजर पुन्हा तिकडेच जायची.

इतक्यात डावीकडच्या उसातून फेसाळता लोंढा नदीत घुसला. ती किंचाळली, "ओढा! ओढा!"

रविराजनं जीव खाऊन वल्हं ओढलं. मावशीनं मात्र आपलं रोखून धरलं. नाव गरकन फिरली, थेट ओढ्याच्या तोंडात! पाणी आत आलं. प्रतिभानं अजून उभ्या असलेल्या एका बुडत्या बाभळीचा शेंडा दोन्ही हातांनी पकडला. काटे रुतले. सोडला नाही, नाव तिथंच थोपली!

"अरे, ओढा आला म्हणत होते मी!"

"मला वाटलं, वल्हं ओढा!"

"मला ठावं हुतं हितं ओढा हाय," मावशी म्हणाली. "पर बोलायचं न्हाई म्हनला ना तुमी, सायेब?"

सुभेदार सुकाणूवरून उठले. "मावशी, सुकाणू धरा. वल्ह्यावर मी."

"मग ज्याला जे दिसंल, त्यानं बोलायचं. आन् 'ओढा' बंद. 'हाणा' म्हनायचं!"

"उजवीकडे ओंडका!"

"हाणा!"

"मावशी, भोवरा!" हे सुभेदार ओरडले.

"दिसला. हाणा!"

बेटावर पाणी गुडघ्याला लागलं होतं. सरूबाईनं मिरच्यांची पिशवी सोडली, खांद्यावरची नात सोडली नाही. प्रतिभानं दोघींना आत घेतलं. लेकीच्या केसांत तोंड खुपसलं, आणि लगेच मान वर करून पुन्हा पाण्याकडे पाहिलं. तिचं काम संपलं नव्हतं.

काठावर गावकऱ्यांनी नावेचा दोर झेलला. सुभेदारांनी सवयीनं छाती भरून श्वास घेतला, आणि थबकले.

"मावशी, म्हणू का?"

"म्हना, सायेब, खुशाल म्हना! हितं ओढा न्हाई."