उष्टा चारा

सालेकसा स्टेशनापासून आठ मैलांवर, वाघ नदीच्या काठी, जंगलाच्या तोंडाशी सरकारी बंगला होता. दोन खोल्या, पुढे लांब पडवी, मागे स्वैपाकाची खोली. वर्षाचे दहा-अकरा महिने तिथं गोवर्धन खानसामा आणि वटवाघळं, एवढेच राहायचे. माघ पुनवेची कचारगडची जत्रा आटोपली, नदी निवळून तळाचे गोटे दिसायला लागले, की नागपूरहून इंजिनियर साहेब यायचे. बरोबर एक पेटी, एक वळकटी आणि मासे धरायच्या तीन काठ्या. महिनाभर राहायचे ते फक्त एका माशासाठी. साहेब त्याला महसीर म्हणत. आम्ही नुसतं ‘मोठा’ म्हणायचो.

साहेबाच्या आधी डोहात चारा टाकून मासा जमवून ठेवायचा, साहेब आला की त्याला जागेवर नेऊन बसवायचं, हे काम आम्हा दोघांकडं होतं. मी आणि उदाराम. गावात आम्हाला गळवाले म्हणत. दोघांचीही धानाची शेती, बांधाला बांध लागून. उदाराम माझ्याहून चार वर्षांनी लहान. गळ बांधायला मीच त्याला शिकवलं. तो हे चारचौघांत कौतुकानं सांगायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

बंगल्याच्या पडवीत भिंतीला सागाच्या फळ्या ठोकलेल्या होत्या, दर सालाची एक. हंगामातला सगळ्यात मोठा मासा फळीवर आडवा ठेवून साहेब कोळशानं त्याची कड काढत, मग डांबरानं गिरवत. आत वजन, साल आणि गळवाल्याचं नाव. पन्नास साल, उदाराम. एक्कावन्न, उदाराम. बावन्न, उदाराम. गावात सातवी पास झालेला मी एकटा. उदारामला अक्षर लागत नव्हतं. त्याचं नाव त्याला मीच वाचून दाखवायचो, तीन फळ्यांवर तीनदा.

जळत होतो मी. आडून कशाला सांगू. साहेब बैलांच्या दमणीतून उतरला की आधी विचारायचा, ‘उदाराम कुठाय?’ मी समोर जोहार करून उभा असायचो. घरी गेलो तर उदारामनं पाठवलेला मासा चुलीवर रटरटत असायचा, आणि माझी बायको शामकला म्हणायची, “उदाराम भाऊजीच्या हाताले गुण आहे, नाई का जी?” एकदा मी भरल्या ताटावरून उठलो. तिनं काय झालं म्हणून विचारलं, तर पोट दुखतं म्हणालो.

वरचा डोह माझा, खालचा त्याचा. मी बांबू घालून दोन्ही डोह मोजले होते. खोली सारखी, ओढ सारखी, काठावरची अर्जुनाची झाडंही सारखीच. मला भूतखेत, नजरबिजर यातलं काही पटत नाही. मासा वासाला येतो. मग फरक असलाच तर चाऱ्यातच असणार, असं मी धरून चाललो.

आमचा चारा म्हणजे तांदळाचा कोंडा, भिजवलेली मोहफुलं आणि गूळ कुटून केलेले नारळाएवढे गोळे. सात दिवसांचे सात. पहिल्या दिवशी गळवाल्यानं प्रत्येक गोळ्याचा एक घास खायचा, मग ते पळसाच्या पानात गुंडाळून आपल्या डोहाशी दगडाच्या कपारीत मडक्यात ठेवायचे. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक काढायचा, पुन्हा एक घास खायचा आणि उरलेला पाण्यात सोडायचा. पाण्याला आपलं उष्टं माहीत झालं पाहिजे, असं जुने लोक म्हणत. दुसऱ्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, हे कोणी सांगावंही लागत नव्हतं. त्या सात दिवसांत आम्ही एकमेकांच्या डोहाकडं फिरकतही नव्हतो.

त्रेपन्न सालच्या हंगामात, चाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, उदाराम बैलाला नाल ठोकायला सालेकशाला गेला होता. मी माझं मडकं काखेत घेऊन खालच्या डोहावर गेलो. त्याच्या मडक्यात सहा गोळे, माझ्या मडक्यात सहा. त्याचे सहा मी घेतले, माझे सहा त्याच्या मडक्यात ठेवले. नुसते चोरले असते तर कळलं असतं. पानं तीच, बांधणी तीच, कारण बांधायला मीच शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोहावर त्याचा पहिला गोळा पानातून सोडवला. उदारामचा समोरचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळं त्यानं चावलेल्या जागी मधोमध एक कंगोरा उभा राहायचा. त्या कंगोऱ्याशेजारी मी चावलं. कोंडा, मोह, गूळ. बाकी काही नाही. माझ्याच चाऱ्याची चव होती. मी तिथंच बसून उरलेले पाचही पानातून सोडवून पाहिले, वास घेतला, बोटानं कडेला जरासे कुस्करले. काहीही वेगळं नव्हतं. तेव्हा मला असा संताप आला की आधी कधी आला नव्हता. गुपित असतं तर चोरता आलं असतं. हा तर काहीच न करता जिंकत होता.

आता परत बदलून ठेवावे, असं मनात आलं होतं. पण उदाराम गावात परत आला होता आणि मला पकडलं जायचं नव्हतं. मी गोळा पाण्यात टाकला.

चौथ्या दिवशी मी काठावर पोचायच्या आधीच मासे वर आले होते. गोळा अजून पानातच होता. चार-पाच मोठे, माझ्या सावलीखाली, तोंडं माझ्याकडं करून पाण्यात स्थिर उभे होते. मी काठानं वीस पावलं चाललो, तेही तेवढेच सरकले. मासा पावलांचा आवाज ओळखतो, मी स्वतःला म्हणालो. पण नदीत ते आवाज ओळखायला सालं लागतात.

त्याच दिवशी बंगल्यावर गेलो तर गोवर्धन आतूनच ओरडला, “उदाराम, येता येता दोन लाकडं आन बाप्पा.”

“मी केवळराम हाओ,” मी म्हणालो.

तो दारात आला. मला पायापासून वर पाहिलं. “हौ, हौ. पावलं तशी वाजली न.” मग उगाच हसला.

पाचव्या दिवशी उदारामचा कुत्रा माझ्या मागं लागला. दगड मारला तरी जाईना. संध्याकाळी बांधावर उदाराम स्वतः भेटला. चेहरा ओढलेला होता. तो कधी बोटं मोडत नसे, ती माझी खोड. त्या दिवशी तो एकेक बोट मोडत उभा होता.

“भाऊ, यंदा माहा डोह मले ओळखून नाई राहिला.”

“पानी का माणसाले ओळखते का गा?”

“तुमच्या डोहात मोठे आले म्हनते.”

“आले.”

तो शेवटचं बोट मोडून घराकडं वळला. मला जे वाटलं ते सांगतो. मला गोड वाटलं. तीन सालांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो आणि शामकला काय म्हणते तिकडं लक्षही दिलं नाही. ती एवढंच म्हणाली की आज तुमचा खोकला वेगळाच वाजून राहिला.

आठव्या दिवशी, म्हणजे शेवटचा गोळा सोडायचा त्या सकाळी, मी घास घेतला आणि गोळ्याकडं पाहिलं. दोन चावे शेजारी शेजारी होते. एक उदारामचा, पहिल्या दिवसाचा, सुकलेला. दुसरा माझा, ओला. दोन्हींत मधोमध कंगोरा होता.

मी जिभेनं समोरचा दात चाचपला. दात शाबूत होता. पुन्हा दुसऱ्या बाजूला चावून पाहिलं. तिथंही कंगोरा.

गोळा मी पाण्यात टाकला. दुसरं काय करणार. साहेब त्याच दुपारी येणार होता.

दमणी बंगल्यापुढं थांबली. मी, उदाराम आणि गोवर्धन रांगेत उभे. साहेब उतरले, टोपी काढली, आणि सरळ माझ्याकडं येऊन खांद्यावर हात ठेवला. “चल, नेहमीसारखं तूच.”

नेहमीसारखं. मला वाटलं उन्हानं साहेबाचा घोळ झाला. दुरुस्त करायला पाहिजे होतं. पण खांद्यावर तो हात होता, आणि त्या हातासाठी मी तीन सालं थांबलो होतो. मी साहेबांची पेटी उचलली. उदाराम पायरीवर जाऊन बसला आणि आमच्याकडं पाहत राहिला.

पुढं तीन दिवस साहेब फुटकळ मासे काढत होते. चौथ्या दिवशी सकाळी वरच्या डोहावर साहेबांनी गळ टाकला आणि लगेच दोर ताणला गेला. असा मासा तास-तासभर माणसाला नाचवतो. हा नाचला नाही. दोनदा डोहाला फेरी घातली आणि उथळ पाण्यात आला. साहेब ओढत होते दगडावरून, आणि मासा येत होता माझ्याकडं. माझ्या पायाशी येऊन आडवा झाला. मी वाकून कल्ल्यात बोटं घातली, तरी त्यानं शेपूट हलवलं नाही.

“तुझ्या हाताला काय आहे रे,” साहेब म्हणाले.

अडतीस पौंड. एवढा मोठा आजवर फळीवर आला नव्हता. गोवर्धननं नवी फळी जमिनीवर टाकली, आम्ही मासा तिच्यावर ठेवला. साहेबांनी गुडघे टेकून कड काढली. मासा उचलला. डांबराचा डबा आला. मी अगदी शेजारी उभा होतो. साहेबांनी वजन लिहिलं, साल लिहिलं, आणि मग सावकाश, जाड अक्षरांत नाव लिहिलं.

उदाराम.

“साहेब, नाव चुकलं जी.”

“काय चुकलं?”

“केवळराम पाहिजे.”

साहेबांनी कुंचला डब्यात ठेवला. “मासा वरच्या डोहातला ना?”

“होय जी. माह्या डोहातला.”

“मग? वरचा डोह तुझाच आहे, उदाराम.”

मी गोवर्धनकडं पाहिलं. तापानं फणफणलेल्या माणसाकडं पाहावं तसं तो माझ्याकडं पाहत होता. “आराम कर गा थोडा. केवळरामाचं तू कायले मनावर घेते? तो तं कवाचाच घरी गेला, जेवाले. सकाळपासून पायरीवर तोंड पाडून बसला होता.”

फळीवरचा मासा गळवाल्यानं घरी न्यायचा, अशी रीत होती. मी तो खांद्यावर टाकला आणि निघालो. ऊन डोक्यावर आलं होतं. कापलेल्या धानाचे बुडखे पायाला टोचत होते. मी पावलं मोजत चाललो होतो, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून.

बांधावर उदारामची बायको नंदाबाई शेणाची टोपली घेऊन उभी होती. मला पाहून तिनं टोपली खाली ठेवली. “तिकडं कुठं जाऊन राहिले जी? भात निवून राहिला घरी.”

मी थांबलो नाही. ती दोनदा हाक मारत राहिली. तिच्या हाकेत राग होता, बायकोनं नवऱ्यावर काढावा तसा.

माझ्या घराचं फाटक मी उघडलं. मीच केलेलं फाटक, तळाशी घासायचं, उचलून घ्यावं लागायचं. शामकला अंगणात मिरच्या वाळत घालत होती. चाहूल लागताच तिनं डोक्यावरून पदर ओढला आणि बाजूला झाली. लग्नाला अकरा सालं झाली होती. माझ्यापुढं तिनं अंगणात कधी पदर ओढला नव्हता.

“या ना भाऊजी. बसा. हे जेवून राहिले.”

“शामकला,” मी म्हणालो.

नाव घेतल्यानं ती दचकली. तिनं मान खाली घातली आणि दोन पावलं दाराकडं सरकली.

आत कोणीतरी जेवत होतं. भात कालवल्याचा आवाज आला. मग पाण्याचा गडवा खाली ठेवल्याचा. मग खोकला. तो खोकला मला ओळखू आला. मी जन्मभर तसाच खोकलो होतो.

पाट सरकला.

तो दारात आला, धोतराला हात पुसत. आत अंधार, बाहेर लख्ख ऊन. तोंड कसं होतं ते मी सांगणार नाही. मला नीट पाहवलं नाही.

त्यानंही माझ्याकडं पाहिलं नाही. तो माझ्या खांद्यावरच्या माशाकडं पाहत होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सावकाश. तीन सालं मी कोणत्या नजरेनं पाहत होतो, ते मला त्या दिवशी कळलं.