चमचाभर विरजण

सातासमुद्रापलीकडच्या टार्निटच्या थंडीत दही लागत नाही, ही तक्रार त्या गल्लीत राहायला आलेल्या प्रत्येक बाईने पहिल्याच हिवाळ्यात केलेली होती. गल्ली आठ घरांची, पुढे बंद होणारी. इथले लोक तिला कोर्ट म्हणतात. घरं एकाच बिल्डरची, एकाच राखाडी विटेची, आणि इतकी चिकटून की शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली की आपल्या घरात ठसका लागावा. आठातली पाच घरं मराठी. त्यामुळे कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाडी अजून आली नाही, कुणाचा कचऱ्याचा डबा दोन दिवस तसाच बाहेर आहे, हे सगळं सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटायचं नाही.

ऋताने सगळे उपाय करून पाहिले होते. ओव्हनचा नुसता दिवा लावून आत पातेलं ठेवलं, पातेल्याला टॉवेल गुंडाळला, दुकानातलं महागातलं दही आणून त्याचं विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं की आत कोमट, आंबूस दूध. एरवी तिने नाद सोडला असता. पण नुपूर आता वरचं खायला लागली होती, आणि तिचा पहिला दहीभात घरच्या दह्याचा असावा, एवढी एक हौस ऋताच्या मनात होती.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका संध्याकाळी समोरच्या विनीताताई वाटी घेऊन आल्या. पन्नाशी उलटलेल्या, गल्लीत सगळ्यात जुन्या, सगळ्यांच्या ताई.

"हे घे. मितालीच्या घरचं विरजण. आता आपल्या सगळ्यांकडे हेच आहे. बघ सकाळी कसं लागतं ते."

"ताई, दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत ना?" ऋता हसत म्हणाली. तिची आजी म्हणायची तसं. तिचा स्वतःचा कशावर विश्वास नव्हता. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची आणि जंतूंना जंतूच म्हणायची.

"अगं, इथे साडेपाचलाच काळोख. मग काय उन्हाळ्यापर्यंत थांबायचं?" विनीताताईंनी जीभ टाळूला लावून 'टच्' असा आवाज केला आणि वरचा ओठ चाटला. ती त्यांची सवयच होती. काही सांगण्यासारखं असलं की आधी तो आवाज यायचा. "मितालीचं कळलं ना, गल्ली सोडून क्रेगीबर्नला राहायला गेली. नवऱ्याला घेऊन, बाळाला घेऊन, एका शब्दाने न सांगता. असो. आपल्याला काय करायचंय."

सकाळी दही सुरीने कापावं असं लागलं होतं. ऋताने नुपूरला मऊ भातात कालवून भरवलं. नुपूरने आधी तोंड वाकडं केलं, मग दोन्ही हात टेबलावर आपटून आणखी मागितलं. तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं ऋताने बोटाने निपटून स्वतःच्या तोंडात घातलं.

गोड होतं. पण मागाहून जिभेवर एक कोमटपणा राहिला. फ्रिजमधून काढलेलं दही आणि कोमट. कुणीतरी थोडा वेळ तोंडात धरून परत वाटीत सोडावं, तसं. उष्टं, हा शब्द तिच्या मनात आला. तिने पाणी पिऊन तो गिळून टाकला.

त्याच आठवड्यात एकदा जेवताना ती नवऱ्याला, निमिषला म्हणाली, "यतिनची नोकरी गेली. सुरुचीला अजून त्याने सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो, वेरिबीला लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून खातो, आणि संध्याकाळी परत येतो."

निमिषला दह्याचं वावडं होतं. तो आमटीभात खात होता. त्याने मान वर केली. "तुला कोण बोललं?"

ऋताने आठवून पाहिलं. सुरुची पलीकडच्या घरातली, तिची मैत्रीण. यतिन तिचा नवरा. त्या दोघांशी आठवडाभरात ती बोललीच नव्हती. कुणीच तिला काही सांगितलं नव्हतं. तरी गाडीतल्या त्या डब्यात मेथीची भाजी होती हेसुद्धा तिला माहीत होतं.

"कळलं कुणाकडून तरी," ती म्हणाली. आणि मग तिला किळस आली ती स्वतःची. कारण ते सांगताना तोंडाला पाणी सुटलं होतं. तिची जीभ टाळूला लागली आणि टच् असा आवाज आला.

रविवारी सुरुचीकडे गल्लीतल्या सगळ्या जमल्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता, मुलं गराजमध्ये सायकली फिरवत होती. सुरुची ओट्याशी ताक घुसळत होती आणि तिच्याच सोफ्यावर बसून बायका तिच्याच नवऱ्याबद्दल बोलत होत्या. आवाज खाली करून सुद्धा नाही.

"मेथीच होती ना गं परवा?"

"परवा मेथी. काल नुसतीच पोळी, गुंडाळून."

"रडला म्हणे काल."

टच्. टच्. एकीनंतर एक, पाली चुकचुकाव्यात तसं. सुरुचीची रवी थांबली नाही. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण हातात ट्रे होता, ट्रेमध्ये ताकाचे पेले होते.

"घ्या," ती म्हणाली. "मलाही सकाळी कळलं. कसं ते विचारू नका."

सगळ्यांनी पेले उचलले. विनीताताईंनी पेला ओठांपासून दूर केला तेव्हा ताकाची एक तार त्यांच्या ओठापासून पेल्यापर्यंत लोंबत राहिली, तुटेना. त्यांनी ती जिभेने ओढून घेतली. ऋताने नजर खाली वळवली. तिच्याही हातात पेला होता, आणि तो अर्धा झाला होता.

"ऋता," विनीताताई मायेने म्हणाल्या, "शाल घेत जा गं. स्टेशनवर वारा फार असतो."

ऋताने पेला टेबलावर ठेवला.

नुपूर अगदी तान्ही असताना एका दुपारी ती रडायची थांबत नव्हती. पाजून, जोजवून, हातावर घेऊन फेऱ्या घालूनही नाही. ऋताला कितीतरी रात्री झोप नव्हती. तिने नुपूरला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि ती चालत स्टेशनवर गेली. बाकावर बसली. जीलाँगला जाणारी गाडी आली, दारं उघडली, आणि ऋता उठून उभी राहिली. मग दारं मिटली. ती धावत घरी आली तेव्हा रडून रडून नुपूरचा आवाज बसला होता, ओठ काळेनिळे झाले होते. ऋता तिला छातीशी धरून संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून राहिली.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाळाचं वजन करणाऱ्या नर्सने "सगळं ठीक ना?" विचारलं तेव्हा नाही, आणि निमिषला तर नाहीच. तो ओरडला नसता. तो फक्त गप्प झाला असता, आणि त्यानंतर नुपूरला एकटं तिच्यापाशी कधी सोडलं नसतं. कामाचे कॉल घेताना सुद्धा दार उघडं ठेवलं असतं. त्या उघड्या दाराची तिला सगळ्यात भीती वाटायची.

"कुठलं स्टेशन, ताई?" तिने विचारलं.

विनीताताई हसल्या. "आपलंच गं."  सगळ्या ऋताकडे बघत होत्या, भुकेलं माणूस बघतं तशा.

दुसऱ्या दिवशी तिने दह्याचा नमुना छोट्या डबीत घालून लॅबमध्ये नेला. जेवणाच्या सुट्टीत काचेवर पसरला, रंगवला, पाहिला. दह्यात असायला हवेत ते जंतू होते. आणि त्यांच्यामध्ये, जागोजाग, फिकट रंगाच्या मोठ्या चपट्या पेशी होत्या, कडा दुमडलेल्या, मधोमध ठिपका. या पेशी ती रोज बघायची. माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूच्या, थुंकीतून येणाऱ्या.

कुणीतरी उष्टा चमचा घातला असेल, तिने मनाला सांगितलं. तिने संध्याकाळी घरी येऊन सुरुचीकडून वाटीभर दही मागून घेतलं, आणि मागच्या घरातूनही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांच्याही काचा केल्या. सगळीकडे त्याच पेशी. जंतूंपेक्षा त्याच जास्त. आणि काही अजून जिवंत असल्यासारख्या ओल्या, भरलेल्या.

तिने कँटीनच्या बेसिनमध्ये ओकून टाकलं.

मग मितालीला फोन केला. मितालीशी तिची फारशी ओळख नव्हती, तरी मितालीने पहिल्याच रिंगला उचलला.

"मिताली, ते विरजण तुझ्याकडे कुठून आलं होतं?"

"माझ्याकडे? मला विनीताताईंनी दिलं."

"त्या म्हणतात तुझ्या घरचं."

"मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या सुरुचीच्या घरचं." मग मितालीने घाईने विचारलं, "तू टाकून दिलंस का?"

"आज टाकणार आहे."

"मी पण टाकलं होतं. भांडी उकळली. सगळं केलं." मितालीचा आवाज अगदी बारीक झाला. "ऋता, तू नुपूरला अजून अंगावर पाजतेस?"

"हो. का?"

मागे कुठेतरी तिचं बाळ कुरकुरलं. "बंद कर," मिताली म्हणाली, आणि फोन ठेवला.

ऋताने घरी येऊन पातेलं सिंकमध्ये उपडं केलं. दही एकसंध घसरलं आणि जाळीवर बसून राहिलं. तिने गरम पाणी सोडलं तेव्हा ते हळूहळू तारा काढत खाली गेलं. भोकात बघायचं तिने टाळलं. वाट्या, चमचे, नुपूरची वाटी, सगळं उकळलं. फ्रिज व्हिनेगरने पुसला. हातांची कातडी सोलवटली तरी त्यांना तो कोमट वास येतच होता.

रात्री नुपूरला कुशीत घेतलं आणि मितालीचं बोलणं आठवलं. तिने कुर्त्याच्या गुंडीला हात लावला, काढला, परत लावला. नुपूरने अंधारात तोंड शोधत आणलं. तिच्या टाळूचा बाळवास, ते लुसलुशीत ओठ, छातीवर ठेवलेली चार बोटं. एवढी एक गोष्ट तरी या घरात स्वच्छ होती. ऋताने तिला पाजलं.

आणि तिथेच तिने ठरवलं. त्या बायकांच्या तोंडून कळण्याआधी निमिषला आपण सांगायचं. उद्याच. लॅबमधून आल्या आल्या, चप्पल काढायच्याही आधी. दार उघडं ठेवायचं तर ठेवू दे त्याला.

सकाळी नेहमीप्रमाणे तिने पंपाने दूध काढलं, छोट्या बाटलीत भरलं, वर तारखेची चिठ्ठी लावली, फ्रिजमध्ये ठेवलं. त्या दिवशी निमिष घरून काम करणार होता आणि दुपारी नुपूरला बाटलीने पाजणार होता. निघताना ऋताने नुपूरच्या गालाचा पापा घेतला. "आज आई बाबाला एक गोष्ट सांगणार आहे," ती तिच्या कानात म्हणाली.

दिवसभर ती वाक्यं जुळवत राहिली.

चार वाजता ती घरी आली. निमिष नुपूरला उंच खुर्चीत बसवून भरवत होता. घर उबदार होतं.

"निमिष, मला बोलायचंय."

"बोल ना." त्याने वर बघितलं नाही. "आधी हे बघ. तुझी ही आयडिया मस्त आहे हं, बाटलीत दही लावायची. नुपूरने चाटूनपुसून खाल्लं."

"कुठलं दही?"

त्याने चमच्याने ओट्याकडे दाखवलं.

बाटली तिथे होती. चिठ्ठी तिच्याच अक्षरातली, आजची. ऋताने ती उचलून आडवी केली. आतलं हललं नाही. पांढरं, घट्ट, सुरीने कापावं असं. तळाशी उरलेल्या भागावर चमच्याच्या खुणा होत्या.

"विनीताताई आल्या होत्या सकाळी," निमिष म्हणाला. "त्यांचं विरजण संपलं होतं. मी म्हटलं, फ्रिजमध्ये आहे, घ्या. त्यांनी एकच चमचा घेतला. सगळ्यांना वाटते म्हणाल्या."

खिडकीतून समोरचं घर दिसत होतं. विनीताताईंच्या ओट्याशी दिवा लागला होता आणि दारात एकीमागे एक बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात वाटी होती. सुरुची शेवटी होती.

"तू," ऋता वळली. "तू खाल्लंस?"

"मी कुठला खातोय दही. नुसतं बोट लावून बघितलं, आंबट नाही ना म्हणून. गोड होतं."

तो आता तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. त्याच्या चेहऱ्यावर ती एवढी वर्षं ओळखत होती ते काहीच नव्हतं. तो पुढे झुकला.

"ऋता, गाडीची दारं उघडली तेव्हा तू उठली होतीस ना?"

 खुर्चीत नुपूरने चमचा खाली टाकला. तिच्या हनुवटीवरून एक पांढरी तार लोंबत होती. ती आईकडे टक लावून बघत होती, उत्तराची वाट बघत.

मग तिने जीभ टाळूला लावली. टच्.