बगळेबेटावरची गरम चूल

पोलिसांची लाँच बगळेबेटाला लागली तेव्हा झोपडीतली चूल गरम होती, भात अर्धा शिजला होता आणि माणूस एकही नव्हता.

"दुसऱ्यांदा हेच, मॅडम," हवालदार शिवलकर म्हणाले. खिळ्याला एक दुर्बीण लटकत होती. "पक्षी बघत असतील."

"भात टाकून?" इन्स्पेक्टर कौसर मुकादम यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. समोर मिरकरवाडा बंदर. एका ट्रॉलरच्या डोलकाठीवर हिरवं जाळं फडफडत होतं. बाकीच्यांची जाळी ताडपत्रीखाली.

नोकरी लावतो म्हणून आणलेल्या मुली या बेटावर ठेवतात आणि बोटीने पुढे विकायला नेतात, अशी पक्की खबर होती. त्यांत शमिका होती. तिची आई आनंदीबाई धक्क्यावर बसून होती. लाँच रिकामी आलेली बघून तिने पदर तेवढा सारखा केला.

"आपण निघतो ते बेटावर कळतंय," कौसर म्हणाल्या. "तिथे रेंज नाही, म्हणजे फोन नाही. लाँच सुटताना धक्क्यावर कोण होतं?"

तिघं होती.

चहावाली गंगुबाई तडकली. "अगो बाय, तुझी लाँच सुटली की गिऱ्हाइकं तिकडेच बघत बसतात, चहा जातो निवून! मी कुणाला काय सांगू?"

बर्फवाला झुबेर बर्फ फोडत होता. "मशीन चालू असलं की मला माझाच आवाज ऐकू येत नाही, मॅडम. फोन बघायचाय? घ्या."

शिवलकरांनी तो झडप घालून घेतला.

तिसरा दीपक. मुंबईतलं मोबाइलचं दुकान विकून त्याने हल्लीच ट्रॉलर घेतला होता. ट्रॉलर बहुतेक धक्क्यालाच असे, आणि हाही धक्क्यावर.

"जाळं वर कशाला?" कौसरनी विचारलं.

"वाळत घातलंय. आमचे आजोबा रोज घालायचे. रक्तातच आहे आमच्या!"

कौसरनी जाळं बोटांत धरलं. नायलॉन, कोरं करकरीत. एक खवलं अडकलेलं नव्हतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"बर्फवालाच तो," शिवलकर वाटेत म्हणाले. "फोन लगेच दिला म्हणजे दुसरा असणार."

"शिवलकर, तुम्हाला सासूने चहा दिला तरी संशय येत असेल."

"माझ्या सासूला ओळखत नाही तुम्ही."

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्यावरून एक साधी मच्छीमार होडी निघाली आणि बेटाच्या मागे जाऊन थांबली. तीत महिला पोलीस होत्या. मग इकडे लाँच वाजतगाजत सुटली. कौसर मात्र गंगुबाईकडे चहा घेत बसल्या.

जाळं डोलकाठीवर चढलं.

थोड्या वेळाने वायरलेस खरखरला. "मॅडम, बेटामागून बोट सुटली ती थेट आमच्या अंगावर. मुली सापडल्या."

शिवलकर परत आले तोवर दीपकच्या हातात बेड्या होत्या.

"जाळं तर सगळ्यांकडेच असतं, मॅडम!" शिवलकर म्हणाले.

"वर कुणाचं असतं? याच्या आजोबांचं जाळं सुती. ते पाणी प्यायचं, वाळवलं नाही तर कुजायचं. नायलॉन झटकलं की झालं. उलट उन्हानेच त्याचा दोरा मरतो, म्हणून सगळे ते झाकून ठेवतात. याने आजोबांना पाहिलं होतं, पण जाळं कधी ओढलं नव्हतं. शिवाय हे जाळं पाण्यात गेलेलंच नाही. न भिजलेलं काय वाळवायचं? लाँच सुटली की जाळं वर. पलीकडे दुर्बीण होतीच. जाळं दिसलं की मुलींना घेऊन मागून पळायचं. भात कुठून शिजणार?"

"मी कुणाला हातसुद्धा लावला नाही," दीपक पुटपुटला.

"विकायला हात कशाला लावावा लागतो?"

होडीतून शमिका सगळ्यांत शेवटी उतरली. तिने एका लहानग्या मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. आनंदीबाई पुढे धावली, तशी शमिका दोन पावलं मागे सरली.

"आई, ही झारखंडची. हिला मराठी येत नाही. हिला न्यायला कोणी आलेलं नाही. हिला सोडून मी येणार नाही."

आनंदीबाईने त्या मुलीकडे नीट पाहिलं. मग ती कौसरकडे वळली. "जबाब, दवाखाना, काय ते दोघींचं होऊ दे, बाय. हिची माणसं येईपर्यंत मी हलत नाही."

शिवलकर नियम सांगायला पुढे झाले.

"ते नंतर," कौसर म्हणाल्या. "आधी चौकीत खुर्च्या मांडा. तीन, जवळजवळ."