काल दुपारी आलेली बाई

चामोर्शीपासून पंधरा-सोळा किलोमीटर आत, जंगलाला टेकलेल्या गावात नीलिमाचं तसं नेहमीचंच काम होतं. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही अशांच्या घरी जायचं, वेदनेचं औषध द्यायचं आणि पुढं काय होणार ते घरच्यांना जवळ बसून सांगायचं. अकरा वर्षं ती हेच करत होती. सांगायची वाक्यं ठरून गेली होती. हल्ली ती बोलताना तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटे.

एप्रिलची टळटळीत दुपार. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोड, जड वास घरभर साचला होता. आत खाटेवर मुखरू डोळे मिटून पडला होता. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं त्याचा जबडा खाल्ला होता. उशाशी त्याची लेक दिव्यानी पदरानं वारा घालत होती.

नीलिमानं नाडी पाहिली. दोन दिवस, फार तर तीन. तिनं मुखरूच्या बायकोला दाराशी बसवलं.

"सुगंधाबाई, जरा अवघड बोलायचं आहे..."

"मालूम हाय सिस्टर," सुगंधाबाई शांतपणे म्हणाली. "श्वास थांबून थांबून येईन. हातपाय थंडे पडतीन. घाबराचं नाई. जवळ बसून बोलत राहाचं, कान शेवटपर्यंत ऐकते."

शब्द बोलीतले होते, पण वाक्यं नीलिमाचीच. क्रमसुद्धा तोच.

"कोणी सांगितलं हे?"

"काल दुपारी आलती नं बाई. तुमी बसल्या तिथीच बसली. लय येळ बसली."

या भागात हे काम करणारी दुसरी कोणी नव्हती. पण खरं सांगायचं तर नीलिमाला आधी बरंच वाटलं. एका घरी तरी आपल्याला बोलावं लागलं नाही.

"तिच्यापायी बाबा हासले," दिव्यानी म्हणाली. "काकाशी सात वर्षं बोलत नव्हते. काल त्याले बोलावलं, त्याचा हात धरला."

"नाव काय तिचं?"

"नाई इचारलं. पानी देलं, तं पेली नाई."

मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं. दिव्यानीनं उठून दार लोटलं. खोली अंधुक झाली. मग सुगंधाबाईनं नीलिमाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सिस्टर, तुमच्या घरी कोण कोण हाय?"

कुठल्याही घरी नीलिमा पहिला प्रश्न हाच विचारायची.

"कोणी नाही... का?"

"त्या बाईनं सांगतलं. उद्या सिस्टर येईन, तिले एकटी सोडू नका. तिले अजून कोणी सांगतलंच नाई म्हणे..."

"काय सांगितलं नाही?"

सुगंधाबाईचे डोळे भरून आले. ती हातावरून नुसता हात फिरवत राहिली. "मनात जे हाय ते बोलून टाका बाई. आमी हाओत नं."

हात ओढून घ्यावा, गाडी काढावी, निघून जावं, असं नीलिमाला फार वाटलं. पण अकरा वर्षांत तिचा हात असा कोणी धरला नव्हता. ती रडायला लागली. कशासाठी, तेही तिला कळेना. बाहेर पानही हलत नव्हतं.

तेवढ्यात खाट करकरली.

दहा दिवस ज्याची कूस दोघींना मिळून बदलावी लागत होती, तो मुखरू डोळे न उघडता, हळूहळू, आपणहून भिंतीकडं सरकत होता. एका माणसापुरती जागा झाल्यावर तो थांबला.

सुगंधाबाईनं हात सोडला नाही. दिव्यानी उठली, दोरीवरची धुतलेली चादर काढली आणि त्या मोकळ्या जागेवर, एकही सुरकुती राहू नये अशी, नीट अंथरू लागली.