चाळिसावी मावशी

"एकोणचाळीस," मार्नी म्हणाली आणि तिने वहीत आणखी एक रेघ मारली. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सूड. आत नुसत्याच रेघा होत्या, कारण सूड कुणावर उगवायचा तेच अजून कळलं नव्हतं.

मार्नीची इनिड मावशी बुलारिंगाच्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती. अख्ख्या गावाला पोहायला तिनेच शिकवलं होतं. आता तिच्याविरुद्ध उभे असलेले नगरसेवक टॉलिव्हर पोहण्याचा तलाव बुजवून तिथे गाड्यांचा तळ करणार होते. गावात गाड्या एकवीस, त्यातल्या चालू सतरा. मावशी हरली, तर उन्हाळा संपायच्या आत तलावात माती पडणार होती. म्हणून सुट्टी लागल्यापासून मार्नी आणि तिचा मित्र तुआन मावशीचं हसरं तोंड छापलेले प्लास्टिकचे फलक कुंपणांना बांधत हिंडत होते. आणि दुसऱ्या दिवशी ते फलक गायब. टॉलिव्हरांचे फलक मात्र वाऱ्यानेसुद्धा हलत नव्हते.

बुधवारी दोघं पत्रकं वाटायला निघाले. एकही घर सोडायचं नाही असं मावशीने बजावलं होतं, त्यामुळे टॉलिव्हरांच्या टपालपेटीतही एक पत्रक पडलं. मागच्या अंगणात कोंबड्यांचं नवंकोरं पांढरं खुराडं होतं, छप्पर अर्धवट उघडं. तुआन कुंपणावर चढला आणि खाली उतरला.

"काय दिसलं?"

"तुझी मावशी. एक कोंबडी तिच्या नाकाला चोच मारतेय."

खुराडं त्यांच्याच फलकांचं होतं: तोंडं आत, बाहेरून पांढरा रंग फासलेला. छपराला अजून एक फलक कमी पडत होता.

खुराडं आत्ताच्या आत्ता मोडून टाकू, असं तुआनचं म्हणणं पडलं.

"मग गावभर काय होणार? दोन कार्ट्यांनी म्हाताऱ्याचं खुराडं मोडलं," मार्नी म्हणाली. "नाही. त्यांनी ते स्वतः, चार लोकांत, मिरवत आणलं पाहिजे."

तेही अवघड नव्हतं. शनिवारच्या शेतकी प्रदर्शनात 'टाकाऊतून टिकाऊ' विभागात टॉलिव्हरांचं खुराडं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

गुरुवारी दोघांनी टॉलिव्हरांच्याच कोपऱ्यावर चाळिसावा फलक बांधला. "जास्त वर नको," मार्नी म्हणाली, "बिचाऱ्यांचे खांदे दुखतात." बांधण्याआधी मावशीच्या हनुवटीखाली तिने बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली. शुक्रवारी सकाळी फलक नव्हता. मार्नीला इतका आनंद झाला की तिने न्याहारीला दोनदा टोस्ट खाल्ला.

प्रदर्शनात कोंबड्यांच्या तंबूत मदतीला कुणीच तयार नसतं. ही दोघं गेली. परीक्षक होत्या मिसेस कोवाक. मार्नीने त्यांना फक्त नियम क्रमांक नऊची आठवण करून दिली: खुराडं आतूनही बघायचं.

"आत कशाला?" टॉलिव्हर म्हणाले. "आत कोंबड्या आहेत."

मिसेस कोवाक कमरेपर्यंत आत गेल्या. बराच वेळ नुसती कलकल ऐकू आली.

"आत इनिड आहे," आतून आवाज आला. "चाळीस वेळा."

टॉलिव्हरांचं उत्तर तयार होतं. फलक महिन्यापूर्वी कचऱ्यात सापडले, सगळेच्या सगळे. मार्नीने मान डोलावली आणि छपरावरच्या मावशीची हनुवटी जरा बघता का, असं नम्रपणे विचारलं.

मिसेस कोवाकनी खणखणीत आवाजात वाचलं: "मिस्टर टॉलिव्हर, हा चाळिसावा. प्रदर्शनाआधीचा गुरुवार, दुपारी चार. तुमचं छप्पर उघडं होतं म्हणून. मार्नी."



प्रदर्शन समितीने निकाल दिला: चाळीसही फलक टॉलिव्हरांनी स्वतः, भर दुपारी, जिथले तिथे बांधायचे. मार्नी प्रत्येक कुंपणापाशी हजर होती. "जरा डावीकडे," ती सांगायची. "मावशी तिरकी दिसतेय." आणि मग, "आता जरा उजवीकडे."

मावशी निवडून आली. तलाव राहिला. पहिली उडी मारण्याआधी ती काठावर उभी राहून साऱ्या गावासमोर म्हणाली, "पोहायला मी शिकवलं. एखाद्याला बुडवायचं कसं, ते ही पोरं आपली आपणच शिकली. शाबास!"

आठवड्याने टॉलिव्हर मार्नीच्या दारात आले, टोपी हातात घेऊन. कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं होतं. त्यांना ते हसरं तोंड बघायची सवय लागली होती. एखादा फलक मिळेल का?

मार्नीने एक फलक दिला, पण एका अटीवर. त्याच्या जोडीला दुसराही लावायचा, रस्त्याच्या बाजूला तोंड करून.