शिवडीच्या गाळातली नळी

या, पुढे सरकून बसा. सतरंजी मोठी आहे आणि माझा आवाज बसलेला. कीर्तन सुरू व्हायच्या आधी शिवडीच्या खाडीतली गोष्ट सांगतो. माझी कंबर अजून तिची साक्ष देते.

मीनाक्षीताई भूगर्भशास्त्रज्ञ, मी गंगाधर, त्यांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस. खाडीत वर्षानुवर्षं गाळाचे थर बसतात. त्यांतल्या कुठल्या थरात पहिलं प्लास्टिक आलं, ते ताईंना शोधायचं होतं. त्यासाठी पोलादी नळीत दीड मीटर खोलीचा अखंड गाळ हवा. दोन फेऱ्या वाया गेलेल्या. तो परवानगीचा शेवटचा दिवस!

ताईंचा नियम कडक. आपलाच नायलॉनचा धागा गाळात पडू नये म्हणून कपडे सुती, दोरही काथ्याचा.

“सोवळंच की हे!” मी म्हणालो.

“सोवळंच, काका,” ताई थकून हसल्या.

होडीवाले धोंडूमामा, लालबागचे, मूळचे मालवणी. ओहोटीला त्यांनी होडी चिखलाला लावली. गुडघाभर गाळ तुडवत, ठोकत, ओढत दोन तासांनी नळी वर आली. भरलेली! ताईंनी तोंडाला झाकण लावलं आणि नळी लेकरासारखी उराशी धरली.

तोच भरती सुरू झाली. होडीकडे परतताना मामांचा पाय खोल गेला. कंबरेपर्यंत! मी पुढे होडीत पोचलो होतो; तिथून दोर टाकला, ओढला. काथ्या तुटला!

पाणी मामांच्या छातीला लागलं.

“माका ऱ्हवांदे! नळी सांभाळ, बायो!”

ताईंनी क्षणभर नळीकडे पाहिलं. मग ती मामांपुढे आडवी टाकली. “छाती टाका हिच्यावर!” शेजारी गाळात निळा नायलॉनचा दोर रुतलेला होता, कुणीतरी फेकलेला. ताईंनी तो उपसला, मामांच्या काखेतून घेतला, टोक माझ्याकडे फेकलं. ओढा! विठ्ठल! ओढा!

मामा सुटले. झाकण निघालं. दीड मीटर गाळ लाटेत विरघळून गेला.

दोघांना मी होडीत घेतलं. मामा पुटपुटले, “तुजी माती गेली गो.”

“माती इथंच आहे, मामा. पुन्हा अर्ज करीन.” ताईंनी रिकामी नळी मांडीवर घेतली. मग वहीत निळ्या दोराची, गाळातून निघालेल्या त्या प्लास्टिकची, लांबी लिहिली आणि थकून डोळे मिटून बसल्या.

ताईंच्या अर्जाला अजून उत्तर नाही; त्या वाट पाहताहेत. मंडळी, आज कीर्तन संपल्यावर आरतीचं तबक तुमच्यापुढे येईल. ज्योतीवरचे हात डोळ्यांना लावाल, तेव्हा एवढं करा: आमच्या मीनाक्षीताईंची आठवण काढा.