लपणातला लिहिणारा

बसा असे दिव्याजवळ. लाइट आता नऊशिवाय येत नाही, उमरग्यात हे रोजचंच आहे. तुम्ही विचारलंत, 'सर, पक्ष्यांची मोजणी का सोडली?' गुडघे दुखतात, असं मी सगळ्यांना सांगतो. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण मोजणी बसूनच करायची असते.

हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर मी हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवायला लागलो. दोन दिवसांची सहल, पाच-सहा माणसं, अल्ताफची जीप. उत्तरेकडची मोठाली जंगलं आणि पाणथळी पाहून आलेले लोक आमचा नागोरवाडीचा तलाव बघून आधी नाक मुरडायचे. एवढाच? मग संध्याकाळी पट्टकादंब हंस ओरडत उतरायचे, हिमालय ओलांडून आलेले, आणि पाहुण्यांची बोलती बंद व्हायची. तेवढ्यासाठी मी तो धंदा करत होतो. पैशाचं म्हणाल तर त्यात डिझेल सुटायचं.

दर रविवारची मोजणी मात्र माझी स्वतःची. एकोणीस वर्षं एक रविवार चुकला नव्हता. सिद्धम्मा, माझी बायको, गेली त्या आठवड्यातलासुद्धा नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत. घरात बसून मी काय करणार होतो?

मोजणीला दोन माणसं लागतात. एक मोजणारा, एक लिहिणारा. मोजणाऱ्यानं मोठ्या दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाही, कारण डोळा काढला की थवा हलतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लिहिणारा मागं बसतो. मी म्हणायचं, 'चक्रवाक, चौदा.' त्यानं म्हणायचं, 'हं.' तो हं आला की समजायचं, लिहून झालं. शेवटी लिहिणारा विचारतो, 'माणसं?' कारण तक्त्यात खाली एक रकाना असतो, आसपास माणसं किती, गुरं किती, कुत्री किती. पक्षी का कमी आले ते त्यावरून कळतं. आणि एकदा झालेली नोंद खोडायची नाही.

अल्ताफ माझा लिहिणारा. पोरगा माझ्याच वर्गातला, आता दोन लेकरांचा बाप. त्या जानेवारीत त्यानं मान खाली घालून सांगितलं, "सर, मार्चमदी सौदीला चाललोय. मामूनं व्हिसा काढलाय." मी बरं म्हणालो. रात्रभर झोप लागली नाही. मला जीपची काळजी नव्हती. माझ्या मागं बसून हं म्हणणारं माणूस जाणार होतं, आणि आठवड्यात तेवढंच एक माणूस उरलं होतं. मुलगा हैदराबादला. फोन करतो, पण त्याच्या फोनमध्ये मागं टीव्हीच जास्त ऐकू येतो.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही निघालो तर सास्तूरच्या अलीकडं जीपचं चाक बसलं. स्टेपनीही गेलेली. सूर्य मावळायला तासभर होता. अल्ताफ म्हणाला, "तुम्ही व्हा म्होरं, सर. म्या पंक्चर काढून आलोच." एका मोटारसायकलवाल्यानं मला तलावाच्या बांधापर्यंत सोडलं.

तलावाच्या पलीकडच्या काठाला आमचं लपण आहे. तुराट्या आणि कडब्याची खोपटी, पुढं हातभर रुंद फट, आत बसायला भुसा भरलेली खताची दोन पोती. पुढचं माझं, मागचं लिहिणाऱ्याचं. वही आणि पेन्सिल मी मागच्या पोत्यावर ठेवली आणि दुर्बीण लावली. वारा पडला होता. पाणी हळूहळू काळं होत होतं आणि ओल्या गाळाचा वास येत होता. लांब कुठंतरी टिटवी एकसारखी ओरडत होती.

थोड्या वेळानं मागं कडबा वाजला. कुणीतरी वाकून आत आलं, पोतं दबलं. मी डोळा काढला नाही. "लवकर आलास," म्हणालो. "घे वही. चांदवे, एकशे साठ."

"हं."

"थापट्या बदकं, बेचाळीस."

"हं."

पेन्सिल कागदावर खरखरत होती. छान चाललं होतं. अल्ताफ मधूनमधून मोबाइल बघतो, आज तेही नव्हतं. मी चक्रवाक अठरा म्हणालो, तर मागून हळूच आवाज आला, "दोन ऱ्हायले. बाभळीखाली."

मी दुर्बीण फिरवली. बाभळीच्या सावलीत दोन चक्रवाक होते. साध्या डोळ्यांनी ते दिसणं कठीण. "डोळा तयार झाला की रे तुझा," मी म्हणालो. आता कुठं शिकला आणि आता निघाला. मग मोजता मोजता मी बोलत गेलो. सिद्धम्मा गेल्यापासून मी एकाच माणसाच्या मापाचे तांदूळ घ्यायला अजून शिकलो नाही, रोज उरतात. असलं काहीबाही. शाळेत छडी घेऊन फिरणारा मी, अल्ताफपुढं असं कधी बोललो नव्हतो. तो प्रत्येक वाक्याला हं म्हणत होता.

पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज आला. मी खिशातली दुसरी काढून खांद्यावरून मागं धरली. त्यानं घेतली. बोटाला बोट लागलं. उबदार होतं, माणसाचं असतं तसं.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. डोळा तसाच ठेवून मी तो कानाला लावला.

"सर, अजून सास्तूरलाच हाय," अल्ताफ म्हणाला. "पंक्चरवाला जेवाय गेलता, आत्ता आला. म्या येईस्तोवर मोजाय सुरू करू नका."

मागचा कडबा वाजायचा थांबला.

मी फोन खिशात ठेवला. वळून बघावं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं... पण मान वळेना. एक मात्र सुचलं, की मोजणी चालू आहे तोवर मागचं जे काही आहे ते लिहिणारा आहे. मोजणी संपली की ते कोण असेल, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी मोजत राहिलो. शेकाटे, नऊ. हं. वंचक, तीन. हं. अंधार वाढत चालला, फटीतून नुसतं करडं पाणी दिसू लागलं, आणि माझे पक्षी संपले. मग अठरा वर्षांत केलं नाही ते मी केलं. खोटं मोजलं.

"चांदवे... बारा."

हं आला नाही. पेन्सिलही वाजली नाही.

"ते मघाशीच मोजले," आवाज म्हणाला. रागावला नव्हता. माझ्या मानेच्या अगदी मागं होता. मग त्यानं विचारलं, "माणसं?"

एक म्हणावं, तर त्याला तोंडावर सांगितल्यासारखं होतं की तू माणूस नाहीस. दोन म्हणावं, तर... नोंद होते. तो घाई करत नव्हता. माझं ऐकून घ्यायला कुणी इतका वेळ थांबलंय, असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

"दोन," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. समाधानानं म्हणाला.

अल्ताफ आला तेव्हा मागच्या पोत्यावर कुणी नव्हतं. वही मिटून ठेवलेली, वर पेन्सिल. त्यानं मोबाइलच्या उजेडात पान बघितलं. ठसठशीत, एका ओळीत बसवलेले आकडे. "सर, हे कुनी लिहिलं?" मी म्हणालो, मीच. "डोळा दुर्बिनीला लावून?" मी दुर्बीण आवरायला लागलो. परतीच्या वाटेवर तो पुटपुटत काहीतरी पढत होता. त्यानंतर तो लपणात आला नाही. बांधावर जीपमध्ये बसून राहायचा, आणि मार्चमध्ये गेला.

आणि मी? मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. हसू नका. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशातली गत. पाहुण्यांना बांधावरूनच पक्षी दाखवायचे आणि लपणात एकट्यानं जायचं. वही आता तिथंच मागच्या पोत्यावर राहायची. वर्षभर तो माझ्या मागं बसला. मी कधी वळलो नाही. भीती हे अर्धंच कारण. वळलो आणि पोतं रिकामं दिसलं, तर मग पुढचा रविवार कशाला उजाडायचा? तो फारसं बोलायचा नाही. मीच बोलायचो, सिद्धम्माचं, शाळेचं. दिवाळीनंतर एक गोष्ट ध्यानात आली. मी बोलताना मध्येच घसा खाकरतो, दोनदा. तोही तसाच खाकरायला लागला होता.

ह्या डिसेंबरच्या सहलीत अर्पिता नावाची मुलगी आली. लातूरची, इथं मुलींच्या शाळेत नव्यानं लागलेली. सहल संपल्यावर सगळे गेले, ही थांबली. म्हणाली, "सर, मी दर रविवारी लिहायला आले तर चालेल? एकटीच राहते खोलीवर. रविवार जाता जात नाही." मी या म्हणालो, बांधावरून पलीकडचं लपण दाखवलं आणि मोजणीची सगळी रीत सांगितली. डोळा काढायचा नाही, मान वर करायची नाही, हं म्हणायचं, शेवटी माणसं विचारायची. सांगताना मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी दोघांपुरता चहा टाकला आणि दोन्ही कप मीच प्यायलो.

पण तिला मी लपणात नेणार नव्हतो. ते पोतं रिकामं नव्हतं. ठरवलं, आता तिकडं जायचं नाही. मोजणी बांधावरून करायची, ह्या मुलीबरोबर, उजेडात. त्यासाठी एक रविवार मध्ये जाऊ द्यावा असं वाटलं. का, ते सांगता येत नाही. घर सोडणाऱ्या भाडेकरूला आपण मुदत देतो, तसं काहीसं. मी तिला मेसेज पाठवला, ह्या रविवारी मोजणी नाही, पुढच्या आठवड्यापासून बांधावर. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रविवारी मी दिवसभर घरात होतो. दार लावून, रेडिओ लावून.

सातच्या सुमाराला स्कूटी वाजली. अर्पिता दारात उभी. गाल थंडीनं लाल, ओढणीला कडब्याच्या काड्या चिकटलेल्या, हातात वही.

"वही माझ्याजवळच राहिली, सर. पोचलात पण माझ्याआधी?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "मेसेज पाठवला होता ना तुम्हाला?"

"आत्ता हायवेला आल्यावर दिसला. माझ्या कार्डाला तिकडं रेंज येत नाही. पण तुम्ही होताच की." ती हसली. "मी आत आले तर तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून बसलेले. म्हणालात, घे वही. सर, किती छान बोललात आज. सिद्धम्मा काकूंचं, तांदळाचं... मला माझे बाबा आठवले."

मी दाराची चौकट धरली. "मी... मागं वळून बघितलं?"

"नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, डोळा काढायचा नसतो. निघतानाही तुम्ही तसेच होतात. म्हणालात, तू हो पुढं." तिनं वही उघडली, दिव्याखाली धरली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "एकच विचारायचं होतं. मी 'माणसं?' म्हटलं, तर तुम्ही एक सांगितलंत. मी तसंच लिहिलं. पण आपण तर दोघं होतो, सर. तुम्ही कुणाला धरलं नाहीत?"